कुठला प्लेनर घ्यायचा

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज अंधेरीच्या दुकानात दोन थिकनेस प्लेनर चालवून पाहिले. फळी एका बाजूने सारायची, दुसरीकडून एकसारख्या जाडीची बाहेर येते. हाताने रंधा मारून खांद्याची वाट लागलीय, मशीन घ्यायलाच हवं. एक जरा कमी आवाजाचं. दुसरं सुरू झालं आणि मी कानच दाबले. यात विचार कसला करायचा? मी काम करतो त्या गॅलरीला लागूनच शुभाची खोली. दिसायचं बंद झाल्यापासून बायको दिवसभर तिथेच पडून असते. त्यात हा गोंगाट?

तशीही ती सारखी आतून हाक मारते, "अहो, आहात ना?" रंधा थांबवायचा, "आहे गं" म्हणायचं. आज सकाळी वैतागून ओरडलोच, "जाणार कुठे!"

आत्ता जेवताना तिला सांगितलं, कमी आवाजाचं घेतोय, तुला त्रास नको.

ती ताटात पोळी चाचपडत होती. म्हणाली, "मोठ्या आवाजाचंच घ्या ना. म्हणजे मला सारखं विचारावं लागणार नाही."

नुसता बसून राहिलो.

मग समोरून तेच. "अहो, आहात ना?"