आईच्या उजव्या डोळ्याचा एमआरआय

आई, तुझा उजवा डोळा पुढे यायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी घाबरला तो केबिन रोडवरचा भाजीवाला. तू नुसती समोर उभी राहिलीस तरी त्याला वाटायचं, ही डोळे वटारतेय. "चाची, गुस्सा मत करो," म्हणत तो न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायचा. मी डॉक्टरचं नाव काढलं की तू म्हणायचीस, "डोला दुकत न्हाय, दिसतं बरं, वर कोथमीर फुकट. डॉक्टर कशाला?"

शेवटी मी स्कॅन काढायचं काम करते त्या सेंटरवरच तुला ओढत आणलं. धातूचं काही आत चालत नाही म्हटल्यावर "तुजा बाप जिता हाय," असं मला बजावत तू मंगळसूत्र उतरवलंस. पाटल्या साबण लावून काढल्या. डोक्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा बसवून तुला मशीनमध्ये सरकवलं आणि काचेपलीकडून मी माइकवर सांगितलं, "डोळे मीट, अजिबात हलवू नकोस." मशीन ठकठक वाजायला लागलं, तशी आतून तू ओरडलीस, "कोन हाय? दार उघडंच हाय!" रिसेप्शनवाली हसून हसून खाली बसली. मी दटावलं, मग मात्र तू गप्प. स्कॅन संपतोय, आणि मी म्हणतेय, "आई, डोळे हलवलेस. सगळं परत करायचं, अजून वीस मिनिटं."

"मेल्यासारी पडलेय मी!" तू करवादलीस. पण पडून राहिलीस.

डोळ्यामागे रक्तवाहिन्यांची गाठ निघाली. कॅन्सर नव्हता. ऑपरेशन झालं, डोळा जागेवर गेला, कोथिंबीर बंद झाली. तू मुद्दाम वटारून पाहिलंस, पण पहिला धाक उरला नव्हता. पुढे आठ वर्षं, हार्ट अटॅकने गेलीस तोवर, प्रत्येक लग्नात तू सांगत राहिलीस, "माजा डोला लय चंचल. पोरीला दोनदा फोटो काढायला लागला." लोक हसायचे. मीही.

तू तसूभरही हलली नव्हतीस, आई. पहिलेच फोटो स्वच्छ आले होते. त्यात ती गोल गाठ दिसत होती, आणि ती कसली ते मला ठाऊक नव्हतं. तू बाहेर येऊन आधी माझं तोंड बघितलं असतंस. हे खोटं तुला समोर कबूल करायची माझी कधी हिंमत झाली नाही. आता पाठवायची सोय नाही म्हणून लिहितेय. मला रडून घ्यायला वीस मिनिटं हवी होती.