ययातीच्या जागी लावलेला काकांचा फोटो

ती. नाथाजीकाका यांना आटपाडीहून पुतणी संयोगिताचा दंडवत. (लांबूनच घालतेय, जवळ यायची सध्या छाती होत नाही.) महाबळेश्वरात पाऊस किती आहे, हॉटेलच्या गेटवर उभं राहून गुडघा दुखतो का, जेवण वेळेवर होतं का, हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण तुम्ही महिनाभर माझा फोन उचलत नाही आणि पप्पांचा नंबर तर ब्लॉकच करून टाकलाय. म्हणून कागदावर लिहितेय. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे शेळ्या ठीक आहेत. माणसांचं पुढे लिहिते.

काका, चूक माझीच. पण कशी झाली ते एकदा ऐकून घ्या, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. कॉलेजात पुराणकथांवर पीपीटीची स्पर्धा होती, स्लाइड दाखवत गोष्ट सांगायची. माझ्या वाट्याला ययाती आला. हा राजा, त्याला सासऱ्यानं शाप दिला आणि तो ऐन उमेदीत म्हातारा झाला. मग त्यानं आपल्या पोरांकडं तारुण्य मागितलं, थोरल्यांनी हात वर केले आणि धाकट्या पुरूनं देऊन टाकलं. सरांची अट अशी, की चित्रं नेटवरची चालणार नाहीत. आता एकाच माणसाचे तरुण आणि म्हातारा असे दोन फोटो आणायचे कुठून? मोबाइल चाळताना तुम्ही सापडलात. एक जत्रेतला, पांढऱ्या मिशांचा. दुसरा पंधरा दिवसांनी काढलेला, दहिवडीच्या स्थळाला पाठवायला पप्पांनी तुम्हाला डाय लावून स्टुडिओत बसवलं होतं तो. पंधरा दिवसांत माणूस वीस वर्षांनी लहान झालेला! मला लय आनंद झाला. (तिथंच थोबाडीत मारून घ्यायला पाहिजे होती.)

लॅपटॉप नाही, म्हणून स्टँडमागच्या वीरधवलच्या फ्लेक्सच्या दुकानातून स्लाइड करून घेतल्या. त्याचा हात वाढदिवसाच्या फ्लेक्सला बसलेला. तुम्हाला मुकुट घातला तो घातला, वर काळा गॉगलही चढवला. आणि आपल्याकडं फ्लेक्सवर बिननावाचं तोंड कधी लागतं का? त्यानं सवयीनं फोटोखाली तुमचं पूर्ण नाव, गाव आणि ‘माजी सैनिक’ असं टाकलं. त्याच्याखाली मी लिहून दिलेली माहिती, ‘पत्नी दोन. मुलगे पाच. अकाली म्हातारपण.’ शापाच्या स्लाइडला तर खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या पडद्यावर. सगळा वर्ग हसला. आणि खरं सांगते काका, मीही हसले. 

तरी ते कॉलेजातच राहिलं असतं. पण पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून पप्पा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी नेमका ‘पत्नी दोन’च्या स्लाइडचा फोटो काढला आणि ‘आमची वाघीण’ म्हणून स्टेटसला ठेवला. दहिवडीकरांचे नंबर आठवड्यापूर्वीच सेव्ह झालेले. तासाभरात तुम्ही बघून आलेल्या पल्लवीताईंच्या दाजींचा फोन. आमची पोरगी सवतीवर द्यायची न्हाई, आन् पाच पोरं लपवून ठेवता व्हय! पप्पांनी अर्धा तास पुराण समजावलं. त्यांना पटलंही. मग त्यांनी हळूच विचारलं, “बरं, केस तरी काळं हायत का?” ग्रामपंचायतीत कुणाला बोलू न देणाऱ्या पप्पांनी ‘आवाज येत नाही’ म्हणत फोन ठेवून दिला. तिथं सगळं संपलं.

डाय लावायला तुम्ही तीनदा नको म्हणाला होता. “हाय तसा दावा,” म्हणत होता. ऐकलं कुणी? आणि दहिवडीहून आल्यावर तुम्ही मला दोनदा तेच सांगितलंत, की पल्लवीताईंनी चहात साखर किती घालू म्हणून आधी विचारलं. तेव्हा मला वाटलं होतं, यात काय एवढं सांगायचं. बेचाळीस वर्षांत तुम्हाला असं कुणी विचारलंच नव्हतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मला माफ करा काका. करू नका वाटलं तरी फोन उचला.

तुमची (अजून म्हणत असाल तर),
संयोगिता

ता.क. पीपीटीचा पहिला नंबर आला. आता सांगलीला जिल्ह्याची फेरी आहे. तुमचे फोटो काढून टाकलेत, पण ययातीशिवाय गोष्ट सांगायची कशी, म्हणून तुमची परवानगी मागायला पत्राला बसले होते. (खोटं कशाला बोलू?) आता परवानगी नकोय. का ते खाली लिहिते.

ता.क. २. काल शेळ्यांना पाला टाकताना आप्पा आजोबा म्हणाले, ती राजाची गोष्ट मलाबी सांग. सांगितली. हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाले, “पोराचं वय बापानं घेतलं न्हवं? मग नाथाजीचा फोटू कशाला लावलास, पोरी? माझा लावायचा.” तुम्हाला अठराव्या वर्षी भरतीला त्यांनीच धाडलं. मग दोन्ही आत्यांची लग्नं, मग पप्पांचं कॉलेज, मग विहीर, आणि तुमच्या लग्नाचं दरवर्षी ‘औंदा न्हाई’. हे सगळं त्यांनी मला बोटांवर मोजत सांगितलं. सांगताना रडले. आज सकाळी स्वतः फेटा बांधून वीरधवलकडं फोटो काढून आले. डाय नाही, गॉगल नाही.

तुम्हाला फोन लावायला त्यांचा हात धजत नाही. म्हणून मला पत्रात विचारायला सांगितलंय. गोष्टीच्या शेवटी म्हाताऱ्यानं पोराचं तारुण्य परत दिलं असं मी वाचून दाखवलं होतं. ते कसं दिलं, नाथाजीला ठावं हाय का बघ, म्हणाले.