गणपतीच्या कारखान्यावरच्या तीन खोल्या

१२ ऑगस्ट १९९६, सोम.
रोह्याहून माझी गाडी उशिरा. मी पेणला पोचेस्तोवर इकडे खोलीत सुगंधा कळवळत होती. इंजे. दिल्यावर निवली. नऊ वर्षांची पोर, हाडाचा कॅन्सर. मुंबईच्या हॉस्पिटलनं 'आता घरी न्या' म्हणून हात वर केले. आई भिमाबाई तिला गावी न नेता इथं घेऊन आली, कारण अशा आजारी पोरांसाठी सरकारनं भाड्यानं घेतलेल्या या तीन खोल्यांत निदान एक सिस्टर आहे. म्हणजे मी. खाली अण्णांचा गणपतीचा कारखाना. पोरीला रंगाचा वास आवडतो म्हणे. माझं डोकं उठतं.

१६ ऑगस्ट, शुक्र.
अण्णा वर आले. घरमालक. माणूस वाईट नाही, पाण्याची टाकी स्वतःच्या खर्चानं बसवली त्यांनी. खाली बघत म्हणाले, "सिस्टर, गणपती होईपर्यंत वर काही होता कामा नये. गिऱ्हाईक मूर्ती न्यायला यायचं आणि जिन्यावरून तिरडी... नाय जमायचं मला."
"मग तिनं तुमच्या सोयीनं मरायचं का?"
बोलून बसले. जिभेला हाड नाही माझ्या. भिमाबाई दारातच उभी होती.

१९ ऑगस्ट, सोम.
जिल्ह्याच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, भाडं मंजूर, सिस्टर मंजूर, पण या घरापुरती. पेशंट गावी गेला की आपला संबंध संपला. गावात जाऊन इंजे. द्यायची तरतूद नाही. मग दुसरं घर बघा म्हटलं. "पुढच्या बजेटला बघू." पुढच्या बजेटला! इतका संताप आला की चहा तसाच ठेवून उठले.

२२ ऑगस्ट, गुरु.
गावी जायची वेळ आलीच तर म्हणून भिमाबाईला टोचायला शिकवतेय, मोसंबीवर. मोसंबीला झकास टोचते. पोरीकडे वळली की सुई खाली ठेवते.
"मोसंबी रडत नाय गो बाय."
सुगंधा हसली. "आये, डोले मिटून टोच."
मी गॅलरीत जाऊन रडून घेतलं.

२७ ऑगस्ट, मंगळ.
मूर्ती न्यायला टेंपो लागायला लागले. सुगंधा काही खात नाही. इंजे.चा असर लवकर उतरतो आता. अण्णा येता-जाता नुसते जिन्याकडे बघतात. त्यापेक्षा बोलले असते तर बरं. भिमाबाईनं आपणहून गाठोडं बांधलं. "दुसऱ्याचे दारात कशाला गो? त्यांचा पन देव हाय." तिनं भांडायला हवं होतं. ती समजून घेते, याचाच मला राग येतो.

२९ ऑगस्ट, गुरु.
गेली. धरमतरजवळ खाडीकाठी त्यांचं गाव. टेंपो अण्णांनीच दिला, मूर्तींखालचा पेंढा पसरून वर गादी. इंजेक्शनं पिशवीत घालून दिली. नियमात बसत नाही, न बसो. भिमाबाईनं अजून पोरीला एकदाही टोचलेलं नाही.
सुगंधा म्हणाली, "सिस्टर, सकाली तू येशील ना?"
"व्हय," म्हटलं. तिच्यासारखं बोललं की खरं वाटेल म्हणून. पण...

३० ऑगस्ट, शुक्र. गाडीत.
हे धाटावहून नाइट शिफ्ट करून आले, मी निघतच होते. सगळं सांगितलं, धरमतरला जावंसं वाटतंय तेही. "नोकरी घालवशील. मग बाकीच्या पोरांचं काय?" मी भांडले, पण ते चुकीचं नव्हते बोलले. सुगंधाच्या खोलीत आज मुरूडकडचं तान्हं बाळ येतंय. त्याला नळीनं दूध द्यायचंय, आईला ते येत नाही. इथं मी नसले तर कुणी नाही. तिथंही.
रात्री भिमाबाईनं टोचलं असेल का? का नुसतीच पोरीला धरून बसली असेल?
स्टँडवरून धरमतरची बस आहे. खोल्या दुसऱ्या बाजूला.
पेण आलं. लोक उतरायला लागले.