घरगाडीची मागची भिंत आणि इतर मालमत्ता

देवाला स्मरून आणि चष्मा पुसून लिहिते, की मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आला तो दुसऱ्याच एका कागदावर सही करण्यासाठी. त्याबद्दल कलम चार पाहावे. येत्या गुरुवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. घरगाडी विकणाराही असेच म्हणाला होता, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगा व सून यांना अर्धी अर्धी. यावर जास्त शाई घालवत नाही. घर ज्या गवंड्याने बांधले त्याने त्यात स्वतः राहायचे असल्यासारखे बांधले. चाळीस वर्षांत त्याला एकदाही बोलवावे लागले नाही. त्याचे भले होवो.

कलम २. घरगाडी. म्हणजे इंजिनाच्या पाठीवर बसवलेली खोली: पलंग, शेगडी, बेसिन आणि भिंतीला टांगलेली कपाटे. माझे यजमान छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती घेतली. "जन्मभर दुसऱ्यांची प्रवासवर्णनं छापली, आता आपण फिरू," म्हणाले. मी म्हटले, "फिरू, पण आधी खाली वाकून बघा." ते वाकले नाहीत. शोरूममधला टायवाला वाकूच देईना. "काकू, हिला काही म्हणता काही करावं लागत नाही. फक्त चावी फिरवायची."

पहिल्याच वळणावर कपाटाचे दार माझ्या मांडीवर आले. बिजागरीचे स्क्रू दाबलेल्या भुशाच्या फळीत बसवलेले, बोटाने निघत होते. पलंगाखाली कारागिराने केर तसाच ठेवून वर फळी ठोकली होती. बेसिनखालचा ड्रॉवर उघडेना, कारण तो ड्रॉवर नव्हताच. नुसता दर्शनी भाग आणि मूठ. दोन भोके चुकीच्या जागी पाडली गेली, त्यांवर कंपनीचे सोनेरी चिन्ह चिकटवले होते. आणि छत व भिंत यांचा सांधा, ज्यावर आतल्या माणसांचे कोरडे राहणे अवलंबून, तो पिना मारून वरून पांढरा लेप फासून उरकला होता. शाळेत शिवणाच्या तासाला मी घातलेले टाके याहून घट्ट होते, आणि मला शिवणात काठावर पास केले होते.

तक्रार घेऊन गेलो तर टायवाला म्हणाला, "काकू, दर तीन महिन्यांनी छतावर चढून सांधे तपासायचे असतात. पुस्तकात आहे ना, पान चौऱ्याहत्तर."

"तुम्ही तर म्हणालात, काही करावं लागत नाही."

"आम्हाला नाही लागत, काकू."

या गृहस्थांना मी ते निखळलेले कपाटाचे दार देते. पोस्टाने पाठवावे. पोहोच घ्यावी.

कलम ३. हत्यारे: शिडी, दोन खरवडण्या, पेचकसांचा संच, लेप भरण्याची बंदूक, कटावणी आणि माझी देखभालीची वही. अकरा वर्षे, दर तीन महिन्यांनी, सकाळची प्रार्थना झाली की मी छतावर चढत असे. यजमान शिडी धरत आणि सूचना देत. जुना लेप पूर्ण खरवडल्याशिवाय नवा लावायचा नाही, हे मी पान चौऱ्याहत्तरवरून शिकले. छापखान्यातल्या माणसाने ते पान वाचले नाही. वहीत सत्तावीस गळत्यांची नोंद आहे, तारीख आणि जागेसह. हे सर्व सूनबाईला.

तिलाच का, हे लिहिणे भाग आहे. ती ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. लग्न ठरले तेव्हा मी त्यावरून नाक मुरडले होते. गाडी घेऊन तीन वर्षे झाली असतील, मी खिडक्यांना लेप लावत होते. ती शिडीपाशी येऊन म्हणाली, "आई, चौकटीच्या खाली ती बारीक भोकं आहेत ना, ती बुजवू नका. आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं."

मी वरूनच म्हटले, "तुमच्याकडे ठेवत असतील भोकं. आमच्याकडे बुजवतात."

मुलगा मोठ्याने हसला. ती गेली. मी सहाही खिडक्यांची भोके बुजवली, बोट ओले करून वरून गुळगुळीत केली. पाणी चौकटीत साठले आणि बाहेरची वाट बंद म्हणून भिंतीत उतरले. मागच्या भिंतीला ओल धरली तेव्हा मी कंपनीला शिव्या घातल्या, त्या आठ वर्षे घालत राहिले. कंपनी बाकीच्या सव्वीस शिव्यांना पूर्ण पात्र आहे. सत्ताविसावी माझ्या नावावर घ्यावी. वहीत तशी दुरुस्ती केली आहे.

कलम ४. चिरंजीव. यांचा धंदा लोकांना रिकामी घरे दाखवण्याचा. यजमान गेल्यावर गाडी माझ्या नावे झाली आणि मागच्या अंगणात उभी राहिली. यांनी परस्पर गिऱ्हाईक आणले: एक निवृत्त शिक्षिका. भाड्याची खोली सोडून ती यापुढे गाडीतच राहणार आहे. तोवर शेजारच्या सुताराने मागच्या भिंतीत पेचकस टोचून पाहिला होता. तो मुठीपर्यंत आत गेला. "काकू," तो म्हणाला, "ही भिंत आता नुसत्या सवयीने उभी आहे." त्याच भिंतीवर वरचे कपाट टांगलेले आहे, आणि कपाटाखाली पलंगाची उशीची बाजू.

चिरंजीवांनी एका दुपारी कुजलेल्या भिंतीवर नवी पातळ फळी ठोकली आणि निळ्या फुलांचा वॉलपेपर चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या गाडीला हात लावला तो असा.

"आई, गिऱ्हाईक भिंत बघतं. भिंतीच्या आत कोण बघतंय?"

"देव."

"देव गाडी घेणार नाहीये."

शिक्षिका आली, पलंगावर बसून पाहिले आणि म्हणाली, "वास कसला येतोय?" चिरंजीव म्हणाले, "नव्या फर्निचरचा, बाई." मी चहा ओतत होते. मी ऐकले, आणि साखर किती घालू, एवढेच विचारले. रोज देवापुढे हात जोडणाऱ्या बाईने हे केले, हेही इथे नोंदवून ठेवते.

पैसे शनिवारी मिळायचे आहेत. "तू तेव्हा दवाखान्यात असशील. विक्रीच्या कागदावर आत्ताच सही करून ठेव, बाकी मी बघतो," असे मला चार वेळा सांगण्यात आले. मी सही केलेली नाही. पण मी परत आले नाही तर गाडी त्यांच्या हाती पडेल, आणि ती बाई त्या कपाटाखाली झोपेल.

कलम ५. म्हणून घरगाडी सूनबाईला, एकटीला, पूर्ण. इंजिन आणि चाके दुसऱ्या कारखान्याची आहेत, ती चांगली आहेत. वरची खोली दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे तिने ठरवावे, तिला कळते. कधी विकली तर भिंत उघडी करून दाखवून विकावी. वॉलपेपरची उरलेली गुंडाळी चिरंजीवांना.

कलम ६. वकिलांना फोनवर विचारले. ते म्हणाले, मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होते. "आणि मी जगले, पण शनिवारी दवाखान्यात असले, तर?" ते म्हणाले, "तर हा कागद काही कामाचा नाही."

तेव्हा आज सकाळी प्रार्थना उरकली आणि कटावणी घेऊन गाडीत गेले. सूनबाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फळी वॉलपेपरसकट एका हिसक्यात आली. तीही पिनांवरच होती. मागचे लाकूड काळे पडलेले, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे मुठीत येत होते.

"आई, हातमोजे घाला," सून म्हणाली.

"भोकं मीच बुजवली होती."

"माहीत आहे. घाला आधी."

मग मी शिक्षिकेला फोन केला. "बाई, भिंत बघायला या."

"बघितली की मी."

"ती झाकलेली होती. आज उघडी आहे."

ती पाच वाजता येते म्हणाली. सूनबाईला मिळकत मिळते म्हणून तिची साक्ष चालत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवली आहे. माझी सहीही पाचनंतर, दोघांच्या समोर.

ठिकाण: मागचे अंगण, घरगाडीतील टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९, सोमवार, सायंकाळी साडेपाच

(सही)
मृत्युपत्र लिहिणार

साक्षीदार १: शेजारचा सुतार
(सही)

साक्षीदार २: निवृत्त शिक्षिका. भिंत हाताने चाचपून पाहिली. खोली सोडत असल्याचे घरमालकाला अजून कळवलेले नाही.
(सही)