खळीचं भांडं

काचीगुडा, मंगळवार, ५ ऑक्टोबर १९४८

हात कितीदा धुतले तरी खळीचा आंबूस वास जात नाही. जेवताना अर्धी भाकरी ताटातच टाकली.

निजामाचं राज्य जाऊन महिनाही झाला नाही. आज हेडमास्तरांनी माझ्या वर्गाला इतिहासाच्या पुस्तकातल्या त्याच्या पानांवर कोरे कागद चिकटवायला लावले. रोज सकाळी त्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना चालू असताना जिचे ओठ हलत नसत, तिला छडी मारणारे हेच गृहस्थ. आज डोक्यावर खादीची टोपी. "आपल्या शाळेत तसली प्रार्थना कधी झालीच नाही. समजलं?" पोरींनी माना डोलावल्या. रोज गाणाऱ्या त्याच पोरी.

मी म्हटलं, "सर, वाईट होतं तर वाईट म्हणून शिकवू. झाकायचं कशाला?"

"परीक्षेत येणार नाही ते, बाई. फुकटचा सरदर्द नक्को."

तेवढ्यात वत्सलानं पान उजेडात धरलं. "बाई, खालचं दिसतंय."

"अजून एक कागद लाव," हेडमास्तर म्हणाले.

काल कुणापुढे वाकलो आणि का, हे या पोरींना कधी कळूच द्यायचं नाही? मग उद्या कुणी नवा आला की पुन्हा वाकतील, आणि पहिल्यांदाच वाकतोय असं समजतील.

शाळा सुटल्यावर उरलेली खळ मोरीत ओतली. हातालाही लागली, तोच हा वास. भांडंही फेकणार होते, पण हेडमास्तरांनी अडवलं.

"धुऊन ठेवा, बाई. पुढंमागं लागेल."