एम.एस्सी. अपिअर्ड

२८ नोव्हें. ८८, सोम.
नाना धुळ्याहून स्थळ घेऊन आले. आबांचे चुलतभाऊ, पण आमच्या घरात त्यांचाच शब्द चालतो. टाइप केलेला कागद. मुलगा प्रकाश, वय २८, कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नोकरी. शिक्षण: एम.एस्सी., आणि पुढे अपिअर्ड.
मी विचारलं, "नाना, अपिअर्ड म्हणजे?"
"म्हणजे झालंच समज. प्रोफेसर होणार तो."
आबांनी कागद घडी करून खिशात घातला. एक अक्षर बोलले नाहीत. भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारणारा माणूस!

२९ नोव्हें.
शाळेतला शब्दकोश काढला. मुलं पाढे म्हणत होती.
अपिअर: दिसणे. भासणे. प्रसिद्ध होणे, पुस्तक वगैरे. न्यायालयात हजर होणे.
परीक्षेचं नाव नाही. एम.एस्सी. भासला? की कोर्टात हजर झाला? काही भानगड?
हसू आलं. मग नाही आलं.

३० नोव्हें.
शिंदेबाईंना विचारलं. त्या सातवीला इंग्रजी शिकवतात. कोणासाठी ते सांगितलं नाही, त्यांना कळलंच.
"परीक्षेला बसला, एवढंच. पास की नापास ते त्या शब्दात नसतं."
फळ्यावर वाक्य लिहिलं. ही अपिअर्स ऑनेस्ट. "म्हणजे प्रामाणिक वाटतो. आहे, असं म्हटलेलं नाही. हे क्रियापद जबाबदारी घेत नाही, कुसुम. त्याच्या मागे काय येतं ते बघायचं."
घरी येऊन पाच वाक्यं केली. पाचही नानांवर.

२ डिसें.
नानांना विचारलं, कधी बसला परीक्षेला?
"यंदाच."
"मग निकाल?"
"येईल."
डिसेंबर लागला. एप्रिलच्या परीक्षेचा निकाल अजून यायचाय? नाना तापले. पोरीच्या जातीनं एवढं खोदू नये म्हणे.
आई भरताची वांगी भाजत होती. "पोऱ्या चांगला शे. काय शोधी ऱ्हायनी व माय तू?"
शोधतेय ते मलाही माहीत नाही. आबा मात्र आजही गप्प. नानांपेक्षा त्यांचाच संशय यायला लागलाय.

४ डिसें., रवि.
बघायला आले. तो, त्याचे मामा, नाना. मामाच बोलतात. "निकाल जरा अडकलाय, पण समजा झालाच." तो खाली बघत पोहे खात होता. बोटांवर पिवळे डाग, ॲसिडचे असावेत.
पाच मिनिटं बाहेर ओट्यावर बोलायला दिलं. मी सरळ विचारलं. अपिअर्ड म्हणजे काय?
"दोनदा बसलो. दोन्ही वेळा एकाच पेपरात गेलो. मी बी.एस्सी. एवढंच लिहून दिलं होतं. टाइप मामांनी करून आणलं."
मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि तुम्ही?"
"मी काय?"
"तुमच्या कागदावर पण आहे ना. बी.ए. अपिअर्ड. तुमचं काय राहिलं?"
माझा कागद मी पाहिलेलाच नाही! आतून मामांनी हाक मारली, तो उठला.
मी उत्तर दिलं नाही. देता आलं असतं.

५ डिसें.
आबांकडे कागद मागितला. पेटीतून कार्बनची प्रत काढून दिली. कुसुम, डी.एड., बी.ए. अपिअर्ड.
बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला होता खरा. पेपराच्या दिवशी आई दवाखान्यात होती. मी तिच्या उशाशी. हॉलतिकीट पर्समध्येच राहिलं.
"मी बसलेच नाही, आबा."
"फॉर्म तर भरला होतास. शब्द काही खोटा नाही."
"खोटाच आहे."
आबांनी चष्मा काढून पुसला. "नुसतं डी.एड. लिहिलं तर दोन स्थळं माघारी गेली. तुला सांगितलं नव्हतं."
भांडायचं ठरवून गेले होते. जमलं नाही.

७ डिसें.
नानांचा निरोप. होकार आलाय, सुपारी फोडून घेऊ.
होकार कोणाला? मला, की बी.ए.ला? आणि तो खरं बोलला ते आपण होऊन, की मी पकडलं म्हणून? रात्रंदिवस हेच. त्याच्यावर संशय घेताना आता आधी स्वतःकडे बघावं लागतं.

९ डिसें.
पत्र टाकलं. तीन ओळी. मी परीक्षेला बसलेच नाही. फक्त डी.एड. आहे. त्या दिवशी ओट्यावर गप्प राहिले ते चुकलं.
कॉलेजच्या पत्त्यावर. घरी मामा फोडतील.

१६ डिसें., शुक्र.
उत्तर आलं. शाळेच्या पत्त्यावर, आंतरदेशीय. लिहितो, वाचून बरं वाटलं. एप्रिलमध्ये पुन्हा बसतोय. मामांना अजून काही सांगितलेलं नाही. आणि शेवटी: "लग्नानंतर नोकरी चालू ठेवाल ना?"
हे माझ्यासाठी विचारलंय, की पगारासाठी? पाच वेळा वाचलं. मराठी आहे, शब्दकोशाचाही उपयोग नाही.
संध्याकाळी आबांना म्हटलं, "मला धुळ्याला जायचंय. त्यांच्या घरी. मामांसमोर बोलायचंय."
"मुलीकडून असं कोणी जातं का?"
"मी जाणार."
आई म्हणाली, "लोके काय म्हनतीन?" आबा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. दाराशी थांबून म्हणाले, "सकाळच्या एस.टी.नं निघू. लिहिलं मी, सांगेन मी."

१७ डिसें., शनि.
किरकोळ रजेचा अर्ज शिंदेबाईंकडे दिला. आबा इस्त्रीचा सदरा घालून केव्हाचे तयार. नानांना कळवलं का, विचारलं. मान हलवली, हो की नाही कळेना.
खिशातून कागदाचं टोक दिसतंय. म्हणाले, नवीन लिहिलाय, हातानं.
मी हात पुढे केला. "तिथंच वाचतो," म्हणाले आणि चपला घातल्या.