खंडेनवमीनंतर न उठलेली तीन बिऱ्हाडं

अंबरनाथ (पूर्व),
दसऱ्यानंतरचा गुरुवार

ती. सोनूताईस,
धाकट्या बेबीचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच वाकले आहे, तो धरून घे).

ताई, रविवारी संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून आपण शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने रंगवायचो. तू खडू पाण्यात भिजवून एकसारखा हात फिरवायचीस आणि मी कोरडाच घासून पांढरा धूर करायचे. मग तू माझा बूट ओढून घेऊन स्वतः रंगवायचीस. सोमवारी सिस्टर रांगेतून बूट बघत जायच्या आणि माझ्याकडे बघून 'गुड' म्हणायच्या. ते गुड खरं तुझं होतं. मी कधी तसं सांगितलं नाही, तूही मागितलं नाहीस. पत्र लिहायला बसलं की मला आधी ते बूटच दिसतात, काय करू.

तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून भाऊजींना घरातली जळमटं दिसायला लागली आहेत असं कळलं. वाईट वाटलं (तुझ्यासाठी). फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस आणि मग निम्मं पेण आपलं बोलणं ऐकतं. या खेपेला मला ते परवडणार नाही, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते. का, ते पुढे येईल.

आपल्या वधू-वर मंडळाची खोली तू पाहिलीच आहेस. खुर्च्या त्याच, पंखा तोच, आणि जनूभाऊ अजून अध्यक्ष. ज्या बाईने स्वतः लग्न केलं नाही तिच्याकडे लोकांची लग्नं, यावर ते दर मेळाव्यात एक विनोद करतात आणि दर मेळाव्यात तोच करतात. नवीन आहे तो कोपऱ्यातला काळा डबा, म्हणजे आमचा सर्व्हर. तो अक्षदाने बसवून दिला. चिखलोलीला राहते, कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे फुकट राबते. त्या एका डब्यात तिने तीन खोटे डबे केले आहेत, त्यांना व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. तुला कळेल असं सांगायचं तर उल्हासनगरची बरॅक आठव. बाहेरून एकच लांबलचक इमारत, आत मध्ये भिंती घालून तीन बिऱ्हाडं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की घर आपल्या एकट्याचं. आमच्या पहिल्या बिऱ्हाडात वधू, दुसऱ्यात वर, तिसऱ्यात पत्रिका. वधू-वरांना एकत्र का ठेवलं नाही? तर मुलींचे फोन नंबर मुलांच्या बाजूला दिसता कामा नयेत असा जनूभाऊंचा हुकूम. आणि पत्रिकांचा प्रोग्राम इतका जुना आहे की तो नव्या कुणाशी बोलतच नाही (असे लोक आपल्याही घराण्यात आहेत, नावं घेत नाही). प्रत्येक बिऱ्हाडाचं सामान वेगळ्या डिस्कमध्ये, आणि डिस्क डब्याच्या पुढच्या खणांत. अक्षदाने खणांवर नावं चिकटवली आहेत. डिस्कवर काहीच नाही, तिन्ही दिसायला सारख्या काळ्या.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं, यंत्रं काम करत नाहीत, त्यांची पूजा होते. नांगराला सुट्टी मिळते तर सर्व्हरला का नको? मी डबा रीतसर बंद केला, डिस्क ओढून काढल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि पाटावर खणांच्या क्रमाने मांडल्या. वधू, वर, पत्रिका. हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. खरं सांगते, फार गोड दिसत होत्या. तेवढ्यात जनूभाऊ आले. "बेबे, तुला कवा समजाचा गो? पूजेला बायको नवऱ्याचे उजवे हाताला बसते." असं म्हणून त्यांनी वधूला उचलून वराच्या पलीकडे बसवलं. मी मनोभावे आरती केली आणि दुसऱ्या दिवशी डिस्क पाटावर होत्या तशा डाव्या हाताकडून एकेक उचलून खणांत घातल्या.

अक्षदाने विचार केला की डबा बंद झालाच आहे, तर चालू होताना मोठं अपग्रेड करून टाकू, मेळाव्याला नवा कोरा चालेल. तिने घरूनच ते केलं. डबा छान उठला. बिऱ्हाडं उठेनात. वधू उठेना, वर उठेना, पत्रिकांनी तर कूसही बदलली नाही. अक्षदाने अपग्रेड उलटं फिरवायचा प्रयत्न केला, ते अर्ध्यावर अडलं, मग पुन्हा पुढे नेलं. बिचारी रडकुंडीला आली. सगळे म्हणत होते की अपग्रेडने घात केला, म्हणजे तिने केला.

आणि मेळावा या रविवारी, बदलापूरच्या हॉलमध्ये. जनूभाऊंनी दारातूनच ऐकवलं, "काय गो बेबी, तुजा डबा उठला का नाय आजून? रयवारपरत नाय उठला तं मी सगली नावं ठाण्याच्या पोरांना देऊन टाकनार, त्यांचे मोबाईलवर सगला होते." ठाण्याची ती लग्न जुळवायच्या ॲपवाली पोरं येऊन गेली. चांगले बूट, चांगलं इंग्रजी. त्यांनी माझ्या खुर्चीकडे बघून विचारलं, आंटी, इथे नक्की काय होतं?

ताई, मला राग येत नाही हे तू जाणतेस. त्या दिवशी आला. इथे काय होतं? जांभूळ गावची एक सासू आपल्या विधवा सुनेचं नाव घालायला स्वतः आली, आणि फोटो देताना म्हणाली की हिला मच्छी करता येत नाही हे आधीच सांगून ठेवा, नंतर कुणी बोलायला नको. एक मुलगा अडखळत बोलतो, पण हातात चहाचा कप दिला की सरळ बोलतो. म्हणून मी त्याच्या भेटी चहाच्या वेळेलाच ठेवते. हे मोबाईलमध्ये कुठल्या रकान्यात भरायचं? मी ठरवलं, डबा उठल्याशिवाय ही खुर्ची सोडायची नाही.

मग मी उल्हासनगर कॅम्प एकच्या कमलेशजींना बोलावलं. डबा त्यांच्याच दुकानातून घेतलेला. सिंधी गृहस्थ, पासष्टीचे, मिसेस जाऊन बरीच वर्षं झाली, मुली सासरी. येताना हत्यारांची पेटी आणि दाल-पकवान, दोन्ही आणलं. डब्याचं झाकण उघडून झेंडूची पाकळी बाहेर काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बेबीजी, ये क्या है? सर्व्हर की शादी करायी आपने?" मी म्हटलं, पूजा केली, तुमच्या दुकानात करत नाही का? म्हणाले, "करते हैं, साईं, लेकिन बाहर से."

पुढच्या संध्याकाळी त्यांनी रॅम काढून पुसून घातली, केबल बदलली, पंखा बदलला. मी म्हटलं, पंखा गरगर फिरतोय, त्याला का छळता? तर म्हणाले, डॉक्टर कौन है? मी म्हटलं, पेशंटचे नातेवाईक आम्ही आहोत. आमची बऱ्यापैकी जुंपली. अक्षदा फोनवरून ऐकत होती. ती म्हणाली, मावशी, तुम्ही दोघं भांडताना फार छान वाटता. मी फोन ठेवला.

शेवटी मला सिस्टरांचा इंग्रजीचा तास आठवला. उतारा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलणाऱ्या मुलीला त्या उभं करायच्या. इथे पडद्यावर लाल अक्षरांत केवढा मोठा उतारा येत होता, आणि अक्षदा काय, कमलेशजी काय, पहिली ओळ वाचून हळहळत होते. मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत मोठ्याने वाचलं. तळाशी, सगळ्या थयथयाटानंतर, साधं वाक्य होतं. वरांच्या खणात वरांची फाईल सापडत नाही. बस. अपग्रेडचं नावसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, कमलेशजी, वर आपल्या खोलीत नाही, तर आहे कुठे ते बघा. त्यांनी वधूचा खण तपासला, आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. सगळा वरपक्ष वधूच्या खोलीत! वधू वरांच्या खोलीत! अपग्रेडच्या आधीच, जनूभाऊंच्या हस्ते! कमलेशजी म्हणाले की नवीन आवृत्ती आली ना, की तिच्याच नावाने बिल फाडायची सवय लागते, झाकणाकडे कुणी बघत नाही.

डिस्क जागच्या जागी घातल्या. वधू उठली. पाठोपाठ वर उठला. पत्रिका तरीही उठेना. तिचा उताराही मी शेवटपर्यंत वाचला. तिला जे जुन्या पद्धतीचं नेटवर्क कार्ड दिलेलं होतं ते नव्या आवृत्तीतून काढून टाकलं होतं, एवढाच काय तो अपग्रेडचा खरा दोष. अक्षदाने घरबसल्या एक ओळ बदलली आणि सगळे ग्रह जागेवर आले. जनूभाऊ म्हणाले, "मी बोललोच व्हतो, पूजा केली ना, मंग उठनारच." ठाण्याच्या पोरांना नकार गेला. खोली राहिली.

तर असं सगळं क्षेम आहे. भाऊजींना नमस्कार, अमितला आशीर्वाद. रविवारी मेळाव्याला ये, तू नेहमी येतेस तशी, मागच्या रांगेत बसून सगळ्यांना नावं ठेवायला.

तुझी,
बेबी

ता. क. जनूभाऊंना उजव्या हाताचा किस्सा सांगू नकोस. अध्यक्षांना खजील करून मंडळ चालत नाही, आणि मला त्यांची एका कामासाठी गरज लागेल.

ता. क. दुसरा. ते काम असं. वरांचं बिऱ्हाड उठल्यावर ते नीट चालतं का बघायला एक नवीन नोंद करून बघायची होती. मी म्हटलं, कुठलंही नाव सांगा. कमलेशजींनी स्वतःचं सांगितलं. वय खरं सांगितलं (आमच्याकडे हे पहिल्यांदाच घडलं). जातीच्या यादीत सिंधी नव्हतं, 'अन्य' घातलं. अपेक्षांच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मराठी चलेगी. मच्छी चलेगी. गुस्सा भी चलेगा." मी ते तसंच टाइप केलं. चाचणी झाली की नोंद पुसायची असते, ताई. मी पुसलेली नाही. खोली चालवणाऱ्या व्यक्तीने आपलं नाव घालू नये हा मंडळाचा नियम आहे, आणि तो मीच केला आहे; तो शिथिल करायला अध्यक्षच लागतात. शिवाय मी शेकडो लोकांसाठी शब्द टाकला असेल, पण स्वतःसाठी कसा टाकतात ते मला खरंच माहीत नाही. मोठं माणूस लागतं. मला तूच आहेस.

ता. क. तिसरा. येताना सुके बोंबील भाजून आण, ते जनूभाऊंना दे आणि ते खात असतानाच हे त्यांच्या कानावर घाल, तोंड भरलेलं असताना ते कमी बोलतात. पोह्याचे पापड अक्षदाच्या आईला दे. कमलेशजींना काही देऊ नकोस, ते आणतील तो चहा घे आणि जे कुठल्याही मुलाला विचारतेस ते सगळं विचार, माझी भीड नको. आणि हिरव्या बांगड्या आण, दोन-चारचं माप, काचेच्या. त्या पर्समध्येच ठेव. त्यांच्याशी बोलून तुला पटलं तर मला दे. नाही पटलं तर त्याही अक्षदाच्या आईला दे, आणि मला काही सांगायला येऊ नकोस. जेवणाच्या पंगतीत बांगड्या कुणाच्या हातात आहेत ते मी लांबून बघून घेईन.